पद, पान आणि नगर : पत्त्यांच्या एका खेळाचा ऐतिहासिक विचार

१

सांस्कृतिक इतिहासाच्या आपल्याकडील ग्रंथांत खेळांचा उल्लेख बहुधा अखेरच्या प्रकरणात, ‘मनोरंजनाची साधने’ अशा एखाद्या मथळ्याखाली येतो, आणि दोन-चार परिच्छेदांतच आटोपतो. बुद्धिबळाला त्याच्या प्राचीनत्वामुळे काही मान मिळालेला आहे. पत्त्यांच्या वाट्याला तोही आलेला नाही. त्यातून पत्त्यांचा खेळ म्हटला की जुगाराची आठवण प्रथम होते. त्यामुळे पत्त्यांवर जी चित्रे आहेत व त्या चित्रांना जी नावे आहेत, ती राज्यव्यवस्थेविषयीच्या लोकांच्या कल्पनेचा एक पुरावा होऊ शकतील, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही.

प्रस्तुत लेखात अशाच एका पुराव्याची तपासणी करावयाची आहे. तो जुना नाही. इ. स. २००० मध्ये ब्रुनो फेदुत्ती या फ्रेंच खेळकाराचा एक पत्त्यांचा खेळ प्रसिद्ध झाला. फ्रेंचमध्ये त्याचे नाव ‘सितादेल’; इंग्रजीमार्फत आपल्याकडे तो ‘सिटाडेल्स’ म्हणून परिचित आहे. दोन ते सात जणांनी खेळावयाच्या या खेळात प्रत्येक खेळाडू आपापले मध्ययुगीन नगर उभारतो. हा खेळ मनोरंजक आहे की नाही, हा येथे प्रश्न नाही. पत्त्यावर अधिकारपदाचे नाव घालण्याची प्रथा चौदाव्या शतकापासून चालत आलेली आहे. त्या प्रथेत या खेळाने कोणता फेरबदल केला, आणि तो करताना काय गमावले, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

२

यूरोपात पत्ते बाहेरून आले आणि ते चौदाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात आले, याविषयी आता फारसा मतभेद नाही. फ्लॉरेन्स नगराने मार्च १३७७ मध्ये एका नव्याने आलेल्या खेळावर निर्बंध घातला. त्या खेळाचे नाव तेथे ‘नाइब्बे’ असे दिलेले आहे. स्पॅनिश भाषेत पत्त्याला आजही ‘नाइपे’ म्हणतात. या शब्दाच्या व्युत्पत्तीचा वाद पूर्णपणे मिटला आहे असे नाही. तथापि तो अरबी ‘नाइब’ या शब्दापासून आला असावा, हे मत आज सर्वाधिक मान्य आहे. नाइब म्हणजे प्रतिनिधी, दुय्यम अधिकारी. मराठी वाचकास हा शब्द परका नाही. ‘नायब तहसीलदार’ या पदनामातला नायब तो हाच. आणि त्याच शब्दाच्या अनेकवचनी रूपापासून ‘नवाब’ हा शब्द आला.

दुय्यम अधिकाऱ्याचे पदनाम साऱ्या खेळाचे नाव कसे झाले? याचे उत्तर ईजिप्तमधील मामलूक राजवटीच्या पत्त्यांनी दिले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात असलेला सुमारे पंधराव्या शतकातील असा एक संच एल. ए. मायर यांनी १९३१ साली उजेडात आणला. त्यात पेले, नाणी, तरवारी आणि चौगानाच्या काठ्या असे चार रंग आहेत, आणि प्रत्येक रंगात तीन दरबारी पाने आहेत : मलिक म्हणजे राजा, नाइब मलिक म्हणजे राजाचा प्रतिनिधी, आणि त्याखालोखाल दुसरा नाइब. विशेष हे की, या पानांवर मनुष्याकृती नाही. नक्षीच्या पट्टीत पदाचे नाव तेवढे लिहिलेले आहे. पत्त्यावर राजा नाही, ‘राजा’ हा शब्द आहे.

भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावयास हवे. संस्कृतात व मराठीत ‘पद’ या शब्दाचे दोन अर्थ सर्वपरिचित आहेत. एक अधिकाराची जागा, दुसरा व्याकरणातील शब्द. पाणिनीच्या व्यवस्थेत मूळ प्रातिपदिकाला प्रत्यय लागल्यावाचून त्याला पदत्व येत नाही. म्हणजे वाक्यात योजण्यास ते पात्र झाले की ते पद झाले. मामलूक पत्त्यांवर हे दोन्ही अर्थ एकाच पट्टीत एकत्र आलेले दिसतात. पत्त्यावरचे पद हे लिहिलेले पदच आहे, आणि खेळात ते पान टाकल्याखेरीज त्याला सत्ता नाही.

३

यूरोपात गेल्यावर या पानांवर माणसे अवतरली. १३७७ सालीच जोहान्नेस नावाच्या एका डोमिनिकन साधूने पत्त्यांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याच्या वर्णनानुसार प्रत्येक रंगात एक सिंहासनस्थ राजा व त्याच्या हाताखालचे दोन अधिकारी होते. एकाच्या हातात रंगाचे चिन्ह वर धरलेले, दुसऱ्याच्या हातात खाली. हा साधू खेळाचा निषेध करीत नाही. जगाची स्थिती या खेळात प्रतिबिंबित झालेली आहे, अशी त्याची धारणा आहे, आणि तिच्या आधारे तो समाजातील निरनिराळ्या थरांच्या कर्तव्यांचा बोध करतो. पत्त्यांचा जोड हा राज्याचा नकाशा आहे, ही कल्पना अशा रीतीने यूरोपातील पत्त्यांच्या इतिहासाइतकीच जुनी आहे.

तिचे सर्वांत स्पष्ट रूप व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात आहे. सुमारे १४५५ च्या या संचाचे जर्मन नाव ‘होफएम्टरश्पील’, म्हणजे दरबारी पदांचा खेळ. त्यात जर्मन, फ्रेंच, बोहेमियन व हंगेरियन अशी चार राज्ये असून प्रत्येकाची बारा, म्हणून एकूण अठ्ठेचाळीस पाने आहेत. राजा व राणी सोडून उरलेल्या दहा पानांना रोमन क्रमांक आहेत आणि त्यांवर पदाचे नाव लिहिलेले आहे. वरच्या क्रमांकांना दरबाराचे मोठे अधिकारी आहेत, मधल्या क्रमांकांत वैद्य व मुदपाकखान्याचा प्रमुख यांसारखे लोक आहेत, कुंभारकाम करणारी स्त्रीही आहे, आणि सर्वांत खाली, एक आकड्याच्या जागी, विदूषक आहे.

याच शतकांत आपल्या देशात गंजिफाचा खेळ रुजत होता. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफाची पाने पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फज्लच्या ‘आइन-इ-अकबरी’त बारा रंगांचा गंजिफा वर्णिलेला आहे : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नवपती असे एकेक सामर्थ्याचे एकेक स्वामी. यांतील गढपतीचे राज्य किल्ल्यांवर आधारलेले आहे, आणि नरपतीच्या संदर्भात विजापूरचे नाव आलेले आहे. प्रत्येक रंगात राजा, त्याचा वजीर आणि खाली दहा पाने. अकबराने केलेल्या बदलांनंतर या दहा पानांवरही माणसे आली. धनपतीच्या रंगात वजीर खजिन्याची पाहणी करतो, आणि त्याच्याखाली जवाहिऱ्या, धातू वितळविणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा, हिशेब लिहिणारा असे खजिन्यातील कामकरी आहेत. आठ रंगांच्या गंजिफात तर ‘गुलाम’ या नावाचा एक स्वतंत्र रंगच असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात राज्यांच्या जागी अवतार आले, पण राजा, प्रधान व दहा पाने ही रचना तशीच राहिली. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात या कलेचे पुनरुज्जीवन केले, म्हणून ती रचना आजही प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

कैरो, व्हिएन्ना आणि फत्तेपूर यांच्या या पानांत एक गोष्ट समान आहे. पद पानावर कायमचे छापलेले किंवा रंगविलेले आहे, आणि पदांचा उतरता क्रम ठरलेला आहे. राजा वजिराला जिंकतो, वजीर जवाहिऱ्याला जिंकतो. खेळाडूच्या हाती कोणती पाने येतील हे दैवावर असेल, पण पानांची आपसांतील पायरी दैवावर नाही. डाव कितीही वेळा पिसला तरी राज्यव्यवस्था पिसली जात नाही.

ती पिसण्याचा एक प्रयत्न फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात झाला. १७९३ च्या सुमारास तेथे पत्त्यांवरून राजा, राणी व गुलाम काढून टाकण्यात आले, आणि काही संचांत त्यांच्या जागी अनुक्रमे प्रतिभा, स्वातंत्र्य व समता यांच्या मूर्ती आल्या. पण नावे बदलली तरी पायऱ्या बदलल्या नाहीत. समता ही स्वातंत्र्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, आणि डावात तिच्याकडून हरू लागली. पुढे सिंहासने गेली तरी पत्त्यांवरील राजे परत आले आणि टिकले.

४

या पार्श्वभूमीवर सन २००० च्या खेळाकडे पाहिले पाहिजे. त्याचा कर्ता फेदुत्ती हा इतिहासाचा अभ्यासक आहे. एकशृंग या काल्पनिक प्राण्याच्या अस्तित्वासंबंधी विद्वानांत चाललेल्या वादाचा इतिहास हा त्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. खेळातील भूमिका गुप्तपणे निवडण्याची कल्पना त्यापूर्वी मार्सेल-आंद्रे कासासोला मेर्कले याच्या ‘फेरेटर’ (१९९८) या छोट्या जर्मन खेळात आलेली होती; फेदुत्तीने तिला नगराची जोड दिली.

खेळाची रचना थोडक्यात अशी. पानांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात आठ भूमिका, क्रमांकांसह : १ मारेकरी, २ चोर, ३ जादूगार, ४ राजा, ५ बिशप, ६ व्यापारी, ७ स्थपती, ८ सेनानायक. दुसऱ्या वर्गात वास्तू आहेत : टेहळणीचा बुरूज, बाजार, मठ, बंदर, कॅथीड्रल, राजवाडा इत्यादी. प्रत्येक वास्तूचे मोल सोन्याच्या नाण्यांत ठरलेले आहे. बुरुजास एक नाणे, मठास तीन, राजवाड्यास पाच. दर फेरीच्या आरंभी ज्याच्यापाशी मुकुट असेल तो भूमिकांची पाने पिसतो, काही बाजूस ठेवतो, एक स्वतःसाठी गुप्तपणे निवडतो आणि उरलेली शेजाऱ्याकडे देतो. याप्रमाणे सर्वांची निवड होते. मग मुकुटधारी एकेका पदाचा क्रमाने पुकारा करतो. ज्याच्याकडे ते पद असेल त्याने प्रकट होऊन आपली पाळी खेळावयाची : दोन नाणी घ्यावयाची, किंवा वास्तूंची दोन पाने उचलून एक ठेवावयाचे, आणि ऐपत असल्यास एक वास्तू बांधावयाची. स्थपतीस तीन वास्तू बांधता येतात. सेनानायक दुसऱ्याची वास्तू तिच्या मोलाहून एक नाणे कमी देऊन पाडू शकतो. बिशपच्या वास्तूंस मात्र त्याच्यापासून अभय आहे. मूळ नियमांत एकाच्या आठ वास्तू पुऱ्या झाल्या की ती फेरी अखेरची ठरते, आणि मुख्यतः वास्तूंच्या मोलाच्या बेरजेवरून जयपराजय ठरतो.

आता जुन्या पानांशी तुलना करावी. येथे राजाचा क्रमांक चौथा आहे, आणि हे क्रमांक श्रेष्ठतेचे नसून पाळीचे आहेत. राजा बिशपला जिंकत नाही, व्यापारी चोराहून खालचा नाही. दुसरे असे की, पद हे एका फेरीपुरते आहे. जो आता राजा आहे तो पुढच्या फेरीत चोर होईल, आणि त्यात कोणास काही विपरीत वाटणार नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या पानावर पद पानाला चिकटलेले होते. येथे ते माणसाच्या अंगावर घातलेल्या व काढलेल्या झग्यासारखे आहे.

तिसरा मुद्दा भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मारेकरी आपला बळी निवडतो तो व्यक्तीचे नाव घेऊन नव्हे, पदाचे नाव घेऊन. तो म्हणतो, ‘मी व्यापाऱ्याला मारतो.’ व्यापारी कोण, हे त्यास ठाऊक नसते. त्याने अंदाज बांधलेला असतो, आणि तो चुकला तर घाव भलत्यावर बसतो, किंवा कोणावरच बसत नाही. व्यापाऱ्याचा पुकारा झाला की त्या फेरीत मारला गेलेला खेळाडू गप्प राहतो. हे पद बाजूस ठेवलेल्या पानांत असेल तरीही अशीच शांतता पसरते. तेव्हा पुकाऱ्यामागून येणाऱ्या त्या शांततेचे दोन अर्थ संभवतात, आणि तिच्या अर्थाचा निर्णय करणे हाच खेळातील चातुर्याचा भाग होतो. पदनाम आणि पदधारी यांतील भेद तर्कशास्त्राच्या व अर्थविचाराच्या वर्गात आपण उदाहरणे देऊन शिकवितो. येथे तो भेद चुकविणाऱ्याचे सोने जाते.

राजाच्या बाबतीत एक स्वतंत्र नियम आहे. राजाचे पद मारले गेले तर त्या खेळाडूची पाळी बुडते, पण फेरीच्या अखेरीस मुकुट त्याच्याकडेच, मृत राजाचा वारस म्हणून, येतो. एर्न्स्ट कांटोरोविच यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मध्ययुगीन यूरोपातील ‘राजाचे दोन देह’ ही कल्पना विस्ताराने मांडली. एक देह मर्त्य, दुसरा राजपदाचा, जो मरत नाही. खेळकर्त्यापुढे हा ग्रंथ होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्या सिद्धांताच्या विवरणास कांटोरोविच यांना एक ग्रंथ लिहावा लागला, तो येथे नियमाच्या एका वाक्यात व्यवहारात उतरला आहे, एवढे खचित.

मग या खेळात स्थिर असे काही आहेच का? आहे, आणि मराठी इतिहासाच्या अभ्यासकास त्यासाठी एक नेमका शब्द उपलब्ध आहे. भूमिका हे पद आहे; बांधलेल्या वास्तू हे वतन आहे. पदे फिरतात, वतन राहते. किंबहुना पदाची निवडच वतनाकडे पाहून होते : राजास, बिशपास, व्यापाऱ्यास व सेनानायकास आपापल्या रंगाच्या वास्तूंमागे एकेक नाणे मिळते, म्हणून ज्याच्या नगरात देवळे-मठ अधिक तो बिशप होऊ पाहतो. अधिकार हा मिळकतीच्या मागे कसा जातो, हे दाखविणारा याहून सुटसुटीत नमुना सापडणे कठीण.

५

हा अर्थ कर्त्यावर लादलेला आहे, अशी शंका कोणी घेईल. तिचे निरसन करण्यास खेळाच्या नावांचा इतिहास उपयोगी पडतो. जर्मनीत हा खेळ ‘ओने फुर्ख्त उंड आडेल’ या नावाने प्रसिद्ध झाला. जर्मन भाषेत ‘ओने फुर्ख्त उंड टाडेल’, म्हणजे निर्भय आणि निष्कलंक, असा एक रूढ वाक्प्रचार आहे. १५२४ साली रणात पडलेला फ्रेंच वीर बायार याच्या फ्रेंच बिरुदाशी तो जुळतो. ‘टाडेल’मधील आद्य वर्ण गाळला की ‘आडेल’ उरतो, आणि आडेल म्हणजे कुलीनता, सरदारवर्ग. एका वर्णाच्या लोपाने ‘निर्भय आणि निष्कलंक’ याचे ‘निर्भय आणि कुलहीन’ असे झाले. पदाचा कुळाशी संबंध तुटला आहे, हे खेळाच्या नावानेच सांगून टाकले. फ्रेंच व इंग्रजी नावांत हा श्लेष नाही. तेथे केवळ गडकोट राहिले.

पदांच्या भाषांतरातही असेच फरक पडले. फ्रेंचमधील आठवे पद ‘काँदोत्तिएरे’ हे आहे. हा मूळ इटालियन शब्द करारवाचक ‘कोंदोत्ता’ या शब्दापासून निघाला. नगराशी करार करून सैन्य पुरविणारा नायक तो हा. जर्मनमध्ये त्याचा ‘झ्योल्डनर’, म्हणजे वेतनावर लढणारा शिपाई, झाला. इंग्रजीत तो ‘वॉरलॉर्ड’, म्हणजे युद्धसत्ताधीश, बनला. म्हणजे करार, पगार आणि प्रभुत्व अशा तीन निरनिराळ्या कल्पना एकाच पानावर बसल्या. नियम मात्र एकच राहिला. फ्रेंचमधला बिशप जर्मनमध्ये धर्मोपदेशक होतो, हेही असेच. धर्मसुधारणेच्या भूमीत हे भाषांतर सहज झाले असेल. पण बिशपला अधिकारक्षेत्र असते, उपदेशकाला श्रोते असतात, हे अंतर लहान नव्हे.

६

येथवर या खेळाचा विशेष सांगितला. आता त्याची उणीव सांगणे प्राप्त आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती अधिक विचारणीय आहे.

या नगरात बाजार आहे, पण बाजारात बसणारा कोणी नाही. स्थपती एका पाळीत तीन वास्तू बांधतो. पाथरवट, गवंडी, सुतार यांचे एकही पान नाही. मठ आहेत, बंदरे आहेत, तुरुंगही आहे, पण रहिवासी नाहीत. सेनानायक एखादी वास्तू पाडतो तेव्हा मालकाचे मोल बुडते. बेघर कोणीच होत नाही, कारण घरात कोणी नव्हतेच. ज्या मध्ययुगीन नगरांवरून हे चित्र घेतले, ती कारागिरांच्या श्रेणींनी व नागरिकांच्या शपथबद्ध संघांनी घडविलेली होती. त्या संस्थांना येथे स्थान नाही. आठ पदे आणि नाण्यांचा ढीग यांवर नगर उभे राहते.

आता जुन्या पानांकडे पुन्हा वळून पाहावे. व्हिएन्नाच्या संचात कुंभारीण होती. अकबराच्या गंजिफात धातू वितळविणारा आणि वजन करणारा होता. त्यांच्या पायऱ्या अढळ होत्या, त्यांना वर चढण्याची मुभा नव्हती, राजाचे पान समोर आले की ते हरणारच होते. पण ते पानावर होते. राज्य त्यांच्यावाचून चालत नाही, हे त्या पानांनी नाकारले नव्हते. नव्या खेळाने पायऱ्या मोडल्या, पदे मोकळी केली, कुळाचा अभिमान हसून बाजूस सारला. आणि ते करताना खालच्या दहा पानांवरची माणसे डावातून गेली. ज्यांच्यात पदे फिरतात ते सर्व आधीच पदास पात्र मानलेले लोक आहेत.

एका खेळाकडून ही अपेक्षा करणे अन्याय्य आहे, असे म्हणता येईल. पासष्ट वास्तू व आठ भूमिका यांत सारा समाज कसा मावणार? हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, अठ्ठेचाळीस पानांत तो काही अंशी मावला होता. काय मावते हे पानांच्या संख्येवर थोडे, आणि राज्य म्हणजे काय याविषयीच्या कल्पनेवर अधिक अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस नगराची कल्पना मिळकत आणि अधिकार यांच्या स्पर्धेपुरती मर्यादित झाली होती काय, हा प्रश्न या पानांच्या निमित्ताने इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावा.

शेवटी एका पानाचा उल्लेख करून हा लेख पुरा करतो. खेळातील जांभळ्या रंगाच्या विशेष वास्तूंत विद्यापीठ हे एक पान आहे. ते बांधण्यास सहा नाणी पडतात, पण अंतिम हिशेबात त्याचे मोल आठ धरले जाते. खर्चाहून मोल अधिक, असा मान फारच थोड्या वास्तूंस दिलेला आहे, आणि एका विद्वान खेळकर्त्याने तो विद्यापीठास द्यावा, याचा आपणांस संतोष वाटणे स्वाभाविक आहे. ते वरचे दोन गुण आपण कशाने मिळविणार, हा प्रश्न मात्र उरतो. पानांवरून गाळल्या गेलेल्या माणसांची नावे शोधून ती पुन्हा नोंदविणे, हे त्याचे एक उत्तर होऊ शकेल.